सगळ्यांत मागची बस

पिराजी कुणालाही मागं सोडून जात नाही, अशी त्याची बंगळुराच्या यशवंतपूरपासून होसकोट्यापर्यंत ख्याती होती, आणि या ख्यातीपायी त्याने मालकाच्या शिव्याही पोटभर खाल्ल्या होत्या. होसकोट्याच्या एका कारखान्याच्या कामगारांना तो रोज सकाळी बसने नेऊन सोडायचा. स्टॉपवर नेहमीची एखादी बाई दिसली नाही, की हा स्टिअरिंगवर बोटं वाजवत गल्लीकडे बघत बसणार. मागचे लोक ओरडणार, घड्याळं दाखवणार. याच्यावर परिणाम शून्य. "येतीया हो, कोपऱ्यावर असंल," एवढंच उत्तर. शेवटी ती बाई डबा सावरत, धापा टाकत चढली, की तोंडभर हसून म्हणणार, "बसा अक्का, अजून लई येळ हाय." वेळ अजिबात नसायचा, आणि पुढे बस पिटाळताना त्याचाच घाम निघायचा.

तो मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कारखान्याच्या साहेबांशी मोडकीतोडकी हिंदी, असा तीन भाषांत त्याचा संसार सुखाने चालला होता. यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे दोन खोल्या, एक मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली, आणि बायको चंपा. चंपा जवळच्याच एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. बाई कामाला वाघ, बोलायला कंजूष. पिराजी दोघांच्या वाटणीचं बोलायचा, त्यामुळे घरात कधी काही कमी पडलं नाही.

आता ही बस आणि ती शर्यत यांचा संबंध सांगायला हवा. शहरात दर वर्षी एका रविवारी एकवीस किलोमीटरची शर्यत होते. कब्बन पार्कापासून निघायचं, हलसूर, इंदिरानगर, डोमलूर असा वळसा घालून पुन्हा कब्बन पार्कापाशी यायचं. चढउतार असे, की मोटारसायकलसुद्धा मधूनमधून कुरकुरते. त्या दिवशी पिराजीच्या मालकाची बस शर्यतवाले भाड्याने घेत आणि पिराजीकडे काम असे सगळ्यांच्या मागून ती चालवायचं. वाटेतल्या ठरावीक चौकांना ठरावीक वेळा लावून दिलेल्या. त्या वेळेच्या आत चौक ओलांडला नाही, तर रस्ता गाड्यांना मोकळा करायचा असतो. मग मागं राहिलेल्याने बसमध्ये चढायचं. नसेल चढायचं, तर छातीवरचा नंबर काढून द्यायचा आणि फूटपाथवरून आपलं आपण जायचं. तिथे त्याची शर्यत संपली.

हे काम पिराजीला मनापासून आवडे. पळून पळून बेजार झालेली माणसं, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे आलेले, कुणाचे बूट हातात, आणि त्यांना आपण दार उघडून आत घ्यायचं. त्यांच्यासाठी तो घरून भाजलेल्या शेंगा आणि गूळ घेऊन जायचा. त्यातले काही जण खिडकीकडे तोंड करून रडत बसत, ते मात्र त्याला कळत नसे. दमलेल्या माणसाला बसायला जागा मिळाली, यात रडण्यासारखं काय आहे, असं त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटे.

आणि अशा या माणसाच्या घरात चंपाने पळायचं खूळ घेतलं. वसतिगृहातल्या मुली सँकी तळ्यावर पळायला जात. एकदा त्या हिला गंमत म्हणून सोबत घेऊन गेल्या आणि ही थांबेचना. मग सवयच लागली. सकाळचा नाश्ता उरकून, ओढणी कमरेला बांधून ही तळ्याला फेऱ्या मारायची. मुलींनी बूट आणून दिले, मुलींनीच शर्यतीत नाव घातलं. ही बातमी पिराजीला कळली, तेव्हा घरात निपाणीचा मेहुणा जेवायला बसला होता. पिराजीला अशा वेळी विनोद सुचल्याशिवाय राहत नाही.

"पळ की," तो म्हणाला. "तुला कोण नगं म्हणतंय? दमलीस तर मी हायच मागं गाडी घेऊन."

मेहुण्याला हसता हसता ठसका लागला. चंपाने आमटीची पळी खाली ठेवली.

"त्येच तर," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त चंपा आधीच कमी बोलायची, ती आता मोजकंसुद्धा बोलेना. पिराजीला वाटलं, होईल चार दिवसांत ठीक. चार दिवसांचे चार आठवडे झाले. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो शेंगा भाजत बसला होता, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

"उद्या मला तुमच्या गाडीत घ्यायचं न्हाई."

"बरं."

"नुसतं बरं नगं. शबूद द्या."

"दिला," पिराजी म्हणाला. कशासाठी दिला ते त्याला कळलं नव्हतं, पण बायको आपल्याशी बोलली याचाच त्याला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच्या शेजारी शर्यतवाल्यांतर्फे भार्गवी नावाची एक बाई होती. पुण्याची, इथे आयटीत नोकरीला. एरवी स्वतः पळणारी, पण गुडघा दुखावल्यामुळे यंदा या कामावर. कुणाला बसमध्ये घ्यायचं ते ठरवणं तिच्याकडे. ड्रायव्हर मराठी निघाला म्हणून ती इतकी खूश झाली, की पहिल्या चौकापर्यंत तिने त्याला आपल्या गुडघ्याची सगळी हिस्टरी सांगून टाकली. वेळेच्या बाबतीत मात्र ती तेवढीच कडक होती.

"काका, आपली बस म्हणजे कट-ऑफ. आपण लेट झालो तर मागचं पूर्ण शेड्यूल कोलॅप्स होतं. सो प्लीज, नो इमोशन्स."

"सरी, ताई," पिराजीने कन्नडमध्ये होकार भरला.

इंदिरानगरात दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीतच माणसं गळायला लागली. सगळ्यांत आधी चढले ते आप्पाजी नावाचे निवृत्त बँकवाले. तीन पिढ्या बंगळुरात काढलेल्या घरातले, त्यामुळे त्यांची मराठी अर्ध्या वाटेत कन्नडला हात करायची. पोटरी दाबत ते पुढच्याच सीटवर बसले आणि शेंगा खात येणाऱ्याजाणाऱ्यावर मत देऊ लागले. मग एक जोडपं चढलं, मग चार-पाच ऑफिसातली पोरं. पिराजी सगळ्यांना गूळ देत होता आणि प्रत्येक पाठमोऱ्या बाईकडे धास्तावून बघत होता. चंपा दिसत नव्हती, म्हणजे पुढेच असणार. त्याला बरं वाटलं.

दुसरी फेरी संपून बस शंभर फुटी रस्त्याने डोमलूरकडे वळली, तेव्हा पुढे चालणारं शेवटचं टोळकंही चढलं. आणि ते बाजूला झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर एकटी चंपा दिसली.

ती पळत होती. त्याला पळणं म्हणायला बघणाऱ्याचं मन मोठं हवं, पण पळत होती. पिराजीने काही न बोलता पहिला गिअर टाकला आणि तिच्या मागे मागे बस चालवू लागला.

पिराजी लग्नानंतर चोवीस वर्षं बायकोच्या पुढे चालत आला होता. बाजारात, देवळात, गावच्या जत्रेत, सगळीकडे तो पुढे आणि ती मागे. आज पहिल्यांदा तो तिच्या मागून निघाला होता, आणि काचेपलीकडे तिच्या पाठीशिवाय बघायला दुसरं काही नव्हतं. ही पाठ आपण आधी कधी अशी बघितली, ते त्याला आठवू लागलं.

चंपा शाळेत होती, नववीत. लग्न ठरलं, आणि तिला निपाणीहून आणायला पिराजी मित्राची जीप घेऊन गेला होता. पुढे बंगळुरात तिने शिवणाचा क्लास लावला. ब्लाउज शिकून झाला होता, ड्रेस सुरू व्हायचा होता. पिराजीच्या आईचा पाय मोडला. क्लासच्या दाराशी तो टेम्पो घेऊन उभा राहिला आणि तिला घेऊन आला. मग कपड्यांच्या कारखान्यात लागली. सुपरवायझरने तिला लाइन सांभाळायला द्यायचं कबूल केलं, त्याच आठवड्यात मुलीला टायफॉइड झाला. तेव्हा तो याच बसने तिला न्यायला गेला होता. दर वेळी कारण खरं होतं. तिनेही कधी कुरकुर केली नाही. दारातून पाठमोरी दिसली, हाक मारताच कामावरून उठली, पिशवी घेतली, गाडीत बसली. आणि दर वेळी पिराजीला वाटलं होतं, बायकोला रिक्षासाठी ताटकळावं लागलं नाही, आपण वेळेवर आलो.

"त्येच तर" याचा अर्थ त्याला डोमलूरच्या चढावर कळला. माणूस अगदी शरमून गेला. भरल्या बसमध्ये, मागे कुणीतरी गुळावरून थट्टा करत असताना, त्याला आपलं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

पुढचा चौक ट्रिनिटी सर्कल. तो शेवटचा, वेळेत ओलांडला, की पुढे कब्बन पार्कापर्यंत कुणी अडवत नाही. भार्गवी घड्याळ बघत होती, पुढे बघत होती.

"शी इज क्लोज," ती म्हणाली. "पण नाही जमणार बहुतेक. वाईट वाटतं ना, काका?"

पिराजीने चढाकडे पाहिलं. आणि मग त्याने तेच केलं, जे तो रोज स्टॉपवर करायचा. चढाच्या ऐन मध्यावर त्याने बस बंद केली.

"काय झालं?"

"डिझेलमध्ये हवा धरलीया, ताई. बघतो," असं म्हणून त्याने सीटशेजारचं बॉनेट उघडलं आणि आत उगीच हात घालून बसला. बस बंद, म्हणजे कट-ऑफ बंद. बस बिघडली, तर ती सुरू होईपर्यंत चौकाची वेळही थांबवून धरायची, हा शर्यतीचाच नियम होता. भार्गवी वॉकीटॉकीवर इंग्रजीत ओरडायला लागली. मागून अँब्युलन्सवाला हॉर्न मारू लागला. ट्रॅफिक पोलीस मोटारसायकल वळवून आला आणि कन्नडमध्ये पिराजीच्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला. पिराजी मान खाली घालून एक नळी पुसत होता. पळ, पळ, पळ, असं मनातल्या मनात म्हणत होता.

बॉनेटवरून त्याने हळूच मान वर केली, तर चंपा परत येत होती.

चढ चढून गेलेली बाई तोच चढ उतरून मागे येत होती. त्या बसचा आवाज तिला पाठ होता. बस गल्लीच्या तोंडाशी वळली, की चंपा चहाचं आधण ठेवायची. एवढ्या वर्षांत एकदाही तिचा अंदाज चुकला नव्हता. बस बिघडून बंद पडली की बंद केली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती ड्रायव्हरच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. तोंड लालबुंद, ओठांवर पांढरा थर, श्वास पुरत नव्हता.

"चालू करा," ती म्हणाली.

"अगं, हवा धरलीया, तू जा की म्होरं! मागं कशाला आलीस?"

"चालू करा म्हणते न्हवं." तिने बसच्या पत्र्यावर थाप मारली. "दर येळी गाडी घिऊन आलासा आन् मला उचलून आणलंसा. आता गाडी थांबवून म्होरं ढकलाय लागलाय. व्हय? माझं मला काय जमतंय ते एकदा बगू तरी द्या की वो!"

शेवटच्या शब्दांना तिचा आवाज फुटला. ती लगेच वळली आणि तोच चढ पुन्हा चढायला लागली. मघाशी मिळवलेलं सगळं अंतर तिने असं रस्त्यावर टाकून दिलं होतं.

पिराजीने बॉनेट लावलं. किल्ली फिरवली. बस पहिल्या झटक्यात सुरू झाली.

भार्गवीने वॉकीटॉकी खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "त्या तुमच्या मिसेस आहेत? मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतं, ताई?"

बस चंपाच्या मागून चालली, आता अगदी इमानदारीत, ना हळू ना जोरात. आतली पोरं खिडक्यांतून डोकी बाहेर काढून "अक्का, कम ऑन!" म्हणून ओरडत होती. आप्पाजी शेंगा खायचे थांबले होते. ट्रिनिटी सर्कलचा सिग्नल दिसायला लागला. त्यापलीकडे पोलीस रस्त्यातले अडथळे उचलण्याच्या तयारीत उभे होते. चंपाने जोर केला. तिने खरोखर जोर केला. एवढ्या पळण्यानंतर तो तिने कुठून आणला, देव जाणे. पण सिग्नल अजून लांब होता आणि भार्गवीच्या घड्याळातली वेळ संपली.

भार्गवीने घड्याळावर हात ठेवला. "काका," ती कुजबुजली, "मी पाच मिनिटं फोनमध्ये बघते. मला काही दिसत नाहीये."

सकाळी इमोशन्स नकोत म्हणणारी हीच बाई. पिराजीला तिच्याबद्दल माया वाटली.

"नगं, ताई. तिला कळंल."

त्याने बस चंपाच्या बाजूला नेली. दार उघडलं. भार्गवी पायरीवर उतरून वेळ संपल्याचं सांगू लागली, पण सांगायला काही उरलं नव्हतं. चंपाने ओढणीखालून चार पिना काढल्या, नंबरचा कागद तिच्या हातात दिला आणि बाजूच्या फूटपाथवर चढली. तिथे खांब धरून उभी राहिली आणि तिने पिराजीकडे पाहिलं.

"ये" हा शब्द पिराजीच्या जिभेवर आला होता. आयुष्यभर त्याने लोकांना हा एकच शब्द म्हटला होता, या, चढा, बसा, जागा आहे. पाय ब्रेकवर घट्ट होता. त्याने तो शब्द गिळला.

"जाऊ का म्होरं?" त्याने विचारलं.

चोवीस वर्षांत त्याने तिला विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न असेल. बाकी सगळं तो सांगत आला होता.

चंपाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "जावा," ती म्हणाली.

पिराजीने दार लावलं आणि बस पुढे काढली. मागे एकच गलका झाला. "अंकल, रुको ना!" पोरं ओरडली. आप्पाजी तर उठूनच उभे राहिले. "अण्णा, स्वल्प थांबा की! घरची बाई आहे, तिला असं रस्त्यावर सोडतात काय? माणूस आहात की कोण?" पिराजी थांबला नाही. तो रडत होता, सरळ सरळ रडत होता, आणि डोळे पुसायला हात सुटत नव्हता म्हणून तसाच गाडी चालवत होता. बाजूच्या आरशात चंपा लहान होत गेली, मग मागून सुटलेल्या मोटारी आणि रिक्षा मध्ये आल्या आणि ती दिसेनाशी झाली.

कब्बन पार्कापाशी सगळे उतरले. आप्पाजी त्याच्याशी न बोलता गेले. शेवटच्या रेघेवरची कमान उतरवायचं काम चाललं होतं, माणसं दोऱ्या गुंडाळत होती, गाणी वाजवणारा आपली खोकी टेम्पोत चढवत होता. पिराजी बसला टेकून उभा राहिला. मागे जाऊन बघावं असं त्याला कितीदा वाटलं, सांगता येत नाही. भार्गवीही घरी गेली नव्हती. तिने कुठल्याशा खोक्यातून एक पदक काढून आणलं होतं आणि ते मुठीत धरून ती एम. जी. रोडकडे बघत होती.

चंपा आली ती फूटपाथवरून, रविवारी फिरायला निघालेल्या लोकांच्या गर्दीतून. एका सिग्नलला तिला थांबावं लागलं. गाड्या जाईपर्यंत ती जागच्या जागी पाय हलवत राहिली आणि हिरवा माणूस दिसताच पुन्हा निघाली. भार्गवी लंगडत तिच्याकडे धावली आणि पदक पुढे केलं. चंपाने ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, बोटाने चाचपलं.

"छान हाय," ती म्हणाली आणि परत दिलं. "पर ते येळंत पोचलेल्यांचं. रेघ कुठं हुती?"

रेघ राहिलीच नव्हती. खाली अंथरलेली पट्टी कधीच गुंडाळून नेली होती. डांबरावर चिकटपट्टीचे दोन तुकडे तेवढे उरले होते. भार्गवीने ते दाखवले. चंपाने चप्पल-बूट, कागद, रिकाम्या बाटल्या यांच्यामधून वाट काढली, त्या दोन तुकड्यांच्या मधून पाय टाकला, पलीकडे गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. झाडणाऱ्या बाईने झाडू जरा थांबवला, एवढंच.

मग ती पिराजीपाशी आली. त्याचे डोळे सुजलेले तिला दिसले.

"पोचले," ती म्हणाली.

"व्हय," पिराजी म्हणाला. "बगितलं."

"तुमाला गाडी मालकाकडं लावायला लागंल. मी मेट्रोनं जाते घराकडं."

बस तिथेच होती, रिकामी, दार उघडं. यशवंतपूर वाटेवरच होतं. पिराजीने मान हलवली.

मेट्रोच्या जिन्यापाशी जाऊन ती थांबली. एवढं पळाल्यावर चढणं जमतं, उतरणं जमत नाही, मांड्या दगा देतात. पहिल्या पायरीवर पाय टेकताच तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला, एका बाजूला वळली आणि लहान पोरासारखी एकेक पाय पायरीवर टेकवत उतरू लागली. पिराजी नकळत दोन पावलं पुढे गेला होता, हातही पुढे झाला होता. त्याने तो मागे घेतला आणि ती शेवटच्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर वरच उभा राहिला.